सी-फेजेस
सी-फेजेस हा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणारा अमेरिकेतील उपक्रम आहे. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या अर्थसाहाय्याने आणि पिट्सबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने तो २००८ मध्ये सुरू झाला. यात विद्यार्थी मातीतून जीवाणुभक्षक (फेज), म्हणजे जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू, वेगळे करतात.

पार्श्वभूमी

विमान उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी १९५३ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेने २००२ मध्ये वीस नामवंत संशोधकांना केवळ अध्यापनातील प्रयोगांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले. त्यांत पिट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल होते. त्यांनी या निधीतून शालेय व पदवीपूर्व विद्यार्थ्यांना जीवाणुभक्षकांच्या शोधात सामील करून घेतले. २००३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या दहा नव्या जीनोमांपैकी ‘चे८’, ‘चे९सी’ व ‘चे९डी’ हे चेन्नई येथे मिळालेल्या जीवाणुभक्षकांचे होते.

स्वरूप

यजमान म्हणून प्रारंभी ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ हा क्षयाच्या जंतूचा सामान्यतः निरुपद्रवी आप्त निवडला गेला. क्षयाचा जंतू वाढण्यास काही आठवडे लागतात. हा दोन-तीन दिवसांत वाढतो, त्यामुळे नवख्या हातांनाही एका सत्रात निष्कर्ष मिळतो. जीवाणूंच्या थरात उमटलेला स्वच्छ ठिपका हा जीवाणुभक्षक असल्याची खूण होय. शोधणारा विद्यार्थीच त्याला नाव देतो. दुसऱ्या सत्रात निवडक जीवाणुभक्षकांच्या जीनोममधील जनुके ओळखली जातात.

महाविद्यालयांना मिळणारी मदत मुख्यतः अध्यापकांचे प्रशिक्षण, जीनोमचे क्रमनिर्धारण आणि सामायिक माहितीसंच या रूपांत असते. प्रयोगशाळेतील नित्याच्या साहित्याचा खर्च महाविद्यालयाने सोसायचा असतो. यामुळे एकाच निधीतून शंभराहून अधिक संस्थांपर्यंत पोहोचता आले. मात्र अध्यापकाचा वेळ आणि साहित्याचा खर्च न पेलणाऱ्या लहान संस्थांची अडचण या रचनेने पुरती सुटत नाही.

वैद्यकीय उपयोग

अध्यापनासाठी दिलेल्या निधीतून रुग्णोपचार साधेल, अशी अपेक्षा आरंभी नव्हती. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील सिस्टिक फायब्रोसिसच्या पंधरा वर्षांच्या रुग्णास फुप्फुसांच्या प्रतिरोपणानंतर ‘मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस’चा संसर्ग शरीरभर पसरला व तो प्रतिजैविकांना दाद देईना. हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेने संग्रह धुंडाळून ‘मडी’, ‘झोईजे’ व ‘बीपीज’ असे तीन जीवाणुभक्षक निवडले. शेवटचे दोन स्वभावतः जीवाणूच्या जनुकद्रव्यात सुप्त राहू शकणारे होते. त्यांतील दमनकारी जनुक काढून त्यांना मारक बनविण्यात आले. ‘मडी’ला अशा बदलाची गरज पडली नाही. तो २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूस सापडला होता.

उपचार २०१८ मध्ये सुरू झाले. रुग्णाच्या जखमा भरून आल्या व प्रकृती सुधारली, परंतु संसर्ग समूळ गेला नाही. हा वृत्तान्त मे २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकीय बदल केलेल्या जीवाणुभक्षकांचा मानवी रुग्णावरील हा पहिला ज्ञात उपचार होय. एका रुग्णावरील अनुभवावरून उपचाराची परिणामकारकता सिद्ध होत नाही. शिवाय ‘ॲब्सेसस’चे प्रकार परस्परांपासून इतके भिन्न असतात, की एकावर लागू पडणारे मिश्रण दुसऱ्यावर बहुधा निरुपयोगी ठरते आणि प्रत्येक रुग्णासाठी संग्रहात नव्याने शोध घ्यावा लागतो.