संगणकीय आलेखाची घडण : सांख्यिकीय प्रणालींच्या इतिहासाचा एक मागोवा

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रे, वाणिज्य, भूगोल, शिक्षणशास्त्र यांपैकी कोणत्याही विद्याशाखेतील संशोधन प्रबंध उघडला, तर त्यात कोष्टकांच्या जोडीला आलेख आढळतातच. हे आलेख बहुधा संगणकावर तयार झालेले असतात. माहितीचे रकाने निवडावेत, आलेखाचा प्रकार निवडावा आणि काही क्षणांत चित्र पडद्यावर यावे, इतकी ही प्रक्रिया सुलभ झाली आहे. या सुलभतेमुळे एक महत्त्वाची बाब मात्र नजरेआड होते. अक्ष कोठून सुरू व्हावा, रंग कोणते असावेत, पार्श्वभूमी कशी असावी, कोणत्या नोंदी दाखवाव्यात, हे प्रश्न प्रत्येक आलेखात कोणीतरी सोडविलेले असतात. अभ्यासकाने ते सोडविले नसतील, तर प्रणाली तयार करणाऱ्याने ते पूर्वीच सोडवून ठेवलेले असतात. संगणकाच्या परिभाषेत यास ‘डीफॉल्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘पूर्वनियोजित ठेवण’ हा शब्दप्रयोग केला असून, ही ठेवण कशी घडत गेली आणि ती बदलण्याचा अधिकार अभ्यासकाकडे कसा आला, याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हस्तनिर्मित आलेखाचा काळ

आर्थिक आकडेवारी आलेखाच्या रूपात पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकास दिले जाते. तरुणपणी त्याने जेम्स वॅट यांच्याकडे आरेखक म्हणून काम केले होते. १७८६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास’ या ग्रंथात ४४ आलेख होते. त्यांतील ४३ आलेख काळानुसार होणारे बदल दाखविणारे होते. उरलेला एक स्कॉटलंडच्या व्यापाराचा होता. स्कॉटलंडची आकडेवारी एकाच वर्षाची उपलब्ध असल्याने रेषा काढणे शक्य नव्हते. म्हणून प्लेफेअरने प्रत्येक देशासाठी आडवे पट्टे काढले. आज सर्वाधिक वापरला जाणारा स्तंभालेख असा माहितीच्या अभावातून जन्मास आला, आणि खुद्द त्याच्या जनकास तो गौण वाटत होता. वृत्तालेख त्याच्याच १८०१ च्या ग्रंथात प्रथम दिसतो.

हे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात व त्यांत हाताने रंग भरले जात. प्रत्येक रेषेस वेळ व पैसा लागे. त्यामुळे विचार न करता काढलेली रेषा त्या काळात परवडणारी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्यालये व कारखाने यांत आलेखांचा वापर वाढला, तेव्हा नियमांची गरज भासू लागली. अमेरिकेत विलार्ड ब्रिंटन यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने १९१५ मध्ये आलेखांविषयी काही शिफारशी प्रसिद्ध केल्या. शक्य असेल तेथे उभ्या अक्षावर शून्याची रेषा दिसावी, ही त्यांतील एक प्रमुख शिफारस होती. या शिफारशीचे पुढे काय झाले, ते यथावकाश पाहता येईल.

मुद्रित अक्षरांचे आलेख

सांख्यिकीय विश्लेषणासाठी तयार प्रणाली १९६० च्या दशकात उपलब्ध होऊ लागल्या. नॉर्मन नाय, डेल बेंट व हॅडलाय हल यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एसपीएसएस ही प्रणाली विकसित केली. तिचे नावच मुळी सामाजिक शास्त्रांसाठीचा सांख्यिकीय संच असे होते. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात आकारास आलेल्या एसएएस या प्रणालीची स्वतंत्र संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली.

या प्रणालींतील प्रारंभीचे आलेख आजच्या वाचकास आलेख वाटणारही नाहीत. त्या काळचा लाइन प्रिंटर एका ओळीत साधारणतः १३२ अक्षरे छापू शकत असे, आणि जे काही दाखवायचे ते याच अक्षरांतून दाखवावे लागे. स्तंभ म्हणजे फुल्यांची रांग. एसएएसच्या विकीर्ण आलेखात एका जागी एक नोंद असल्यास इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर, दोन असल्यास दुसरे अक्षर छापले जाई. येथे सौंदर्यास वाव नव्हता. तथापि एकावर एक पडलेल्या नोंदी किती, हे या ओबडधोबड चित्रातून कळत असे. नंतरच्या कित्येक देखण्या आलेखांत तेवढेही कळत नाही.

बेल प्रयोगशाळा आणि एस भाषा

आलेख हे निष्कर्ष सजविण्याचे साधन आहे ही समजूत ज्यांनी मोडून काढली, त्यांत जॉन टुकी यांचे स्थान अग्रगण्य आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ व बेल प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी कार्यरत असलेल्या टुकी यांचा ‘एक्सप्लोरेटरी डेटा अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. गृहीतकाची चाचणी घेण्यापूर्वी माहिती डोळ्यांनी पाहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज बॉक्स प्लॉट या नावाने ओळखला जाणारा आलेख त्यांचीच देणगी होय.

याच बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स, रिक बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एस या भाषेचे काम सुरू केले. विश्लेषण व आलेख ही दोन्ही कामे एकाच भाषेत, संगणकाशी संवाद साधत करता यावीत, हा तिचा उद्देश होता. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तिच्याच धर्तीवर आर ही भाषा तयार केली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. महागडे परवाने न परवडणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

एसकडून आरला मिळालेल्या वारशात ‘पार’ नावाची एक आज्ञा आहे. अक्षरांचा आकार, समासाची रुंदी, बिंदूचे चिन्ह, अक्षावरील आकड्यांची दिशा अशा अनेक बाबी तिच्याद्वारे बदलता येतात. अर्थात, बदलल्या नाहीत तरी त्यांना काही एक किंमत असतेच. उदाहरणार्थ, आरमधील साध्या विकीर्ण आलेखात अक्ष माहितीच्या किमान व कमाल मूल्यांच्या पलीकडे प्रत्येकी चार टक्के वाढविला जातो. शून्य त्यात येईलच असे नाही. स्तंभालेख मात्र शून्यापासून सुरू होतो. बिंदूचे स्थान वाचायचे असते आणि स्तंभाची लांबी, हा भेद या ठेवणीत गृहीत धरलेला आहे. विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मधील आपल्या शोधनिबंधात या भेदास प्रायोगिक आधार दिला. समान अक्षावरील स्थान मनुष्य सर्वांत अचूक वाचतो आणि लांबी व कोन यांच्या बाबतीत अधिक चुकतो, असे त्यांना आढळले. वृत्तालेखाविषयीच्या सांख्यिकांच्या आक्षेपास येथे आधार मिळतो.

चॅलेंजर : कोणत्या नोंदी दाखवाव्यात?

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर नष्ट होऊन सात जणांचा मृत्यू झाला. थंडीमुळे अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी निकामी झाली होती. आदल्या रात्री, कडाक्याच्या थंडीत उड्डाण करू नये असे मत मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी मांडले होते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ १३ तक्ते फॅक्सने पाठविले होते. तापमान आणि कड्यांची हानी यांचा संबंध त्यांतील एकाही तक्त्यात एकत्रितपणे आलेखित केलेला नव्हता.

चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने आपल्या अहवालात दोन आलेख दिले. पहिल्यात केवळ हानी झालेली उड्डाणे आहेत. त्यात तापमानाचा काही संबंध दिसत नाही. दुसऱ्यात सर्व उड्डाणे आहेत. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानातील २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत हानी झाली होती, तर ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानातील चारही उड्डाणांत ती झाली होती. एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात या प्रकरणाचा दोष सदोष मांडणीस दिला. अभियंत्यांकडे त्या रात्री आवश्यक ती सर्व माहिती नव्हती व निर्णय त्यांच्या हाती नव्हता, असा प्रतिवाद २००२ मध्ये करण्यात आला; त्या अभियंत्यांपैकी रॉजर बॉइसजॉली हे त्याचे एक लेखक होते. हा प्रतिवाद रास्त आहे. चांगला आलेख काढला असता तर दुर्घटना टळली असती, असे ठामपणे म्हणता येत नाही. आयोगाचे दोन आलेख मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. दोहोंची रचना सारखीच आहे. फरक आहे तो वगळलेल्या नोंदींचा. असा आलेख काढताना उरलेली उड्डाणे कोठे आहेत, हे त्या काळची कोणतीही प्रणाली विचारणार नव्हती. आजचीही आपणहून विचारत नाही.

कार्यालयीन संगणक आणि एक्सेल

१९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने हिशेबाचा तक्ता व आलेख एकत्र आणले. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी व १९८७ मध्ये विंडोजसाठी एक्सेल आले. सांख्यिकीचे शिक्षण न घेतलेल्या कोट्यवधी लोकांच्या हाती आलेखाचे साधन आले ते येथून. २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांतील आलेखाची राखाडी पार्श्वभूमी इतकी परिचित झाली होती की ती पाहताच प्रणाली ओळखता येई. २००७ च्या आवृत्तीत ती गेली. त्रिमिती वृत्तालेख मात्र राहिला आणि अहवालांच्या मुखपृष्ठांवर त्याचे साम्राज्य अद्यापि अबाधित आहे.

एक्सेलची अक्षाविषयीची ठेवण अधिक गंभीर आहे. कमाल व किमान मूल्यांतील फरक कमाल मूल्याच्या सुमारे एक षष्ठांशाहून अधिक असेल, तर अक्ष आपोआप शून्यापासून सुरू होतो. फरक त्याहून कमी असल्यास प्रारंभबिंदू वर सरकतो. समजा, एका विषयाचा निकाल ९० टक्के व दुसऱ्याचा ९६ टक्के आहे. अक्ष ८७ पासून सुरू झाला, तर एक स्तंभ ३ एककांचा व दुसरा ९ एककांचा दिसेल. सहा टक्क्यांचे अंतर डोळ्यांस तिपटीचे भासेल. येथे कोणी खोटे बोललेले नसते. १९१५ च्या समितीने जी शिफारस मनुष्यास केली होती, ती अंमलात आणायची की नाही हे आता एक सूत्र ठरविते आणि अहवालावर सही मात्र विभागप्रमुखाची असते.

आलेखाचे व्याकरण

सिस्टॅट या प्रणालीचे निर्माते लेलँड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ हा ग्रंथ लिहिला. (सिस्टॅटची मालकी २००२ मध्ये बंगळूरच्या क्रेन्स सॉफ्टवेअरकडे आली, ही माहिती आपल्याकडे फारशी कोणास नसते.) आलेखांचे ठरावीक प्रकार नसतात, माहिती, तिचे दृश्य गुणधर्म, भौमितिक आकार, मापश्रेणी व निर्देशक पद्धती या घटकांच्या संयोगातून ते सिद्ध होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दृष्टीने वृत्तालेख म्हणजे ध्रुवीय निर्देशकांत काढलेला विभाजित स्तंभालेख ठरतो. शब्दांची यादी पाठ करणे आणि भाषा शिकणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

हॅडली विकहॅम यांनी २००७ मध्ये आरसाठी प्रसिद्ध केलेल्या जीजीप्लॉट२ या संचात हे व्याकरण प्रत्यक्षात उतरले. त्याची राखाडी पार्श्वभूमी व पांढऱ्या जालरेषा एक्सेलची आठवण करून देतात, परंतु तिच्यामागील कारण विकहॅम यांनी लिहून ठेवले आहे. जालरेषा दिसाव्यात पण माहितीवर मात करू नयेत आणि छापील मजकुराच्या शेजारी आलेख एकजीव दिसावा, हा तो विचार. तो पटत नसेल तर एका आज्ञेने संपूर्ण रूप बदलता येते. तत्पूर्वी दीपायन सरकार यांनी बेल प्रयोगशाळेतील ट्रेलिस पद्धतीवर आधारित लॅटिस हा संच आरसाठी लिहिला होता. एकाच आलेखाच्या अनेक लहान चौकटी समान अक्षांवर शेजारी मांडून गटागटांची तुलना करण्याची सोय त्यात आहे. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रात अध्यापन करू लागले.

रंगांच्या बाबतीत सुधारणा उशिरा झाली. इंद्रधनुषी रंगश्रेणी अनेक वर्षे मॅटलॅब व मॅटप्लॉटलिब यांत पूर्वनियोजित होती. तिच्यात पिवळा पट्टा अकारण उठून दिसतो आणि लाल-हिरव्यातील भेद न कळणाऱ्या वाचकाची गैरसोय होते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे आठ टक्के असतात. मॅटलॅबने २०१४ मध्ये व मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये ती बदलली. आरने आपली भडक रंगमाला २०२० मध्ये, तर स्टाटाने आपले जुने रूप २०२३ मध्ये बदलले. मधल्या काळात प्रसिद्ध झालेले आलेख अर्थातच जसेच्या तसे आहेत.

देवनागरी लेबलांचा प्रश्न

मराठी माध्यमातील प्रबंधांत मजकूर मराठी आणि आलेखावरील अक्षरे इंग्रजी, असे दृश्य सर्रास दिसते. त्याचे कारण अभ्यासकाच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल. युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँट रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवीत. तो फाँट नसलेल्या संगणकावर आलेख उघडला की अक्षावरील गावांची नावे निरर्थक रोमन अक्षरे होऊन जात. विंडोज २००० सोबत मंगल हा युनिकोड फाँट आल्यावर कार्यालयीन प्रणालींतील अडचण बरीच दूर झाली. सांख्यिकीय प्रणालींत ती टिकून राहिली, कारण देवनागरीत वर्ण एकापुढे एक ठेवून भागत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाआधी जावी लागते आणि जोडाक्षरे जुळवावी लागतात. आरचे ‘पीडीएफ’ हे मूळ साधन हे काम करीत नाही. ‘कैरो पीडीएफ’ हे पर्यायी साधन ते करते. म्हणजे ‘रत्नागिरी’ हे नाव अक्षावर शुद्ध उमटण्यासाठी अभ्यासकास केवळ साधनाचे नाव बदलावे लागते. परंतु ते बदलता येते हे त्यास कोणीतरी सांगावे लागते, आणि संशोधन पद्धतीच्या अभ्यासक्रमात त्यासाठी सहसा एकही तासिका नसते.