भगवा झेंडा आणि जरीपटका

मंचरनजीकच्या अवसरी खुर्दच्या आसमंतात देवळांवर भगवी निशाणे दिसतात. १८१७ च्या डिसेंबरअखेरीस दुसऱ्या बाजीरावाची फौज ओतूरकडून खेड-चाकणच्या रोखाने उतरली ती याच टापूतून. देवळावरील निशाणाचा रंग व राज्याच्या झेंड्याचा रंग एकच. परंतु मराठी राज्यास निशाणे दोन होती, आणि लोकव्यवहारात ती बहुधा एकच समजली जातात.

भगवा झेंडा गडद नारिंगी, टोकाशी दुभंगलेला. जरीपटकाही दुभंगलेलाच, मात्र जरीच्या वस्त्राचा, असे वर्णन ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात केले आहे. भगवा रंग महादेवाच्या अनुयायांचा द्योतक, असा अर्थ तो लावतो. हा अर्थ अपुरा होय. गोसाव्याची छाटी जशी कावेची, तशीच वारकऱ्याची पताकाही. विरक्तीचा हा रंग शैव व वैष्णव दोहोंचा होता. रामदासस्वामींनी आपली छाटी झेंड्याकरिता दिली ही कथा लोकप्रिय खरी. पण रंग आधीच रुजलेला असल्याने तिच्यावाचून काही अडत नाही.

जरीपटक्याचा अर्थ मात्र रंगात नव्हता. तो कोणाच्या स्वाधीन आहे, यात होता. राजारामाच्या कारकीर्दीत तो सेनापती संताजी घोरपडे यांजकडे सोपविण्यात आला, आणि त्यासोबत नौबतीचा मानही. मोगल दरबारच्या बड्या सरदारांचा हा रिवाज मराठ्यांनी उचलला. छत्रपती दूर जिंजीस असताना राज्य अद्याप उभे आहे याची खूण रणांगणावर अशी मिरविली जाई. पुढे पेशवाईत जरीपटका हे मुख्य फौजेचे निशाण बनले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईस फौज निघाली तोच जरीपटक्याची काठी मोडली. काठी बदलता येते. पण शकुनाचा धसका बसायचा तो बसलाच. त्याच दिवशी मोर दीक्षित जरीपटक्यापाशी पडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. यानंतर आंबेगावच्या मुलखातून जी फौज गेली तिला राजधानी उरली नव्हती.

या दोन निशाणांतील भेद इंग्रजांनी नेमका ओळखला होता. १० फेब्रुवारी १८१८ रोजी सातारचा किल्ला हाती येताच त्यांनी आपले निशाण लावले. दुसऱ्याच दिवशी ते उतरवून तेथे भगवा झेंडा चढविला. एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्यात पेशव्याचे राज्य खालसा करावयाचे व सातारच्या छत्रपतींस राज्य द्यावयाचे ठरले होते. म्हणून जरीपटका गेला आणि भगवा राहिला. सातारचे ते राज्यही १८४८ मध्ये खालसा झाले.