एल्फिन्स्टनची सभा आणि बंद खोली

आमच्या मांडव्याच्या धक्क्यावरून निरभ्र दिवशीं खाडीपलीकडे मुंबई दिसते. महाविद्यालयांत काय बोलूं द्यावें, हा प्रश्न तेथें १८४८ सालींच उपस्थित झाला होता. त्या वर्षीं एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं प्रा. पॅटन यांच्या साह्यानें साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठीं सभा स्थापिली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग. धर्म व राजकारण हे विषय मात्र वर्ज्य! पारशी, गुजराती, मराठी तरुण एकत्र बसावयाचे, तेव्हां हा निर्बंध अगदींच गैर म्हणवत नाहीं. याच सभेंतील बेहरामजी गांधींच्या स्त्रीशिक्षणावरील निबंधानंतर १८४९ सालीं सभासदांनींच मुलींच्या शाळा काढल्या. हें फळ लहान नव्हे.

परंतु जातिभेदाविषयीं मनांत सलत असलेलें कोठें बोलावें? त्याच सुमारास दादोबा व त्यांचे स्नेही यांनीं परमहंस मंडळी काढली, ती गुप्तपणें. नव्या सभासदानें ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन तोडावयाचें, पण बाहेर अवाक्षर काढावयाचें नाहीं. बहिष्काराचें भय होतेंच. पण विद्वानांच्या सभेंतही त्या प्रश्नास जागा नव्हती. वर्गांतील शांतता म्हणजे एकमत नव्हे, हें शिक्षकाला तरी सांगावयास नको. माझ्या मतें निर्बंध विषयावर नको होता, भाषेवर व वर्तनावर हवा होता. बंद खोलींत विरोधकाचें उत्तर ऐकूंच येत नाहीं.

१८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें फुटलीं आणि मंडळी पांगली. पुढें १८६७ सालीं दादोबांचे धाकटे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग प्रभृतींनीं प्रार्थना समाज स्थापिला, तो मात्र उघडपणें.