गुप्तांगावरील पुळ्या : घाबरू नका, पण लपवूही नका

शरीराच्या अन्य भागावर पुळी उठली तर ती घरात कुणालाही सहज दाखवली जाते. तीच पुळी गुप्तांगावर दिसली की माणूस गप्प होतो. काही जण भीतीने खचतात, काही औषधाच्या दुकानातून मलम आणतात, तर काही ती आपोआप जाण्याची वाट पाहतात. वास्तविक या भागावरील अनेक उंचवटे हा आजारच नसतो. उलट, जी खूण खरोखर गंभीर असते ती बऱ्याचदा दुखतही नाही. त्यामुळे वेदनेवरून आजाराचे गांभीर्य ठरवणे धोक्याचे ठरते.

आजार नसलेल्या खुणा

त्वचेतील तैलग्रंथी काही वेळा पृष्ठभागालगत येतात आणि बारीक, पिवळसर-पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. यांना ‘फोर्डाइस ठिपके’ म्हणतात. ते ओठांवरही आढळतात. पुरुषांमध्ये शिश्नमण्याच्या कडेने एकसारख्या आकाराच्या मोत्यासारख्या बारीक पुळ्यांची रांग दिसू शकते. स्त्रियांमध्ये योनीमुखाच्या आतील बाजूस तशीच मऊ, गुलाबी उंचवट्यांची रचना असू शकते. हे सारे नैसर्गिक आहे. ते संसर्गाने होत नाही, जोडीदाराला लागत नाही आणि त्यावर उपचारही लागत नाहीत. मात्र चामखीळ समजून ते जाळून घेण्याची चूक घडते. म्हणून आधी निदान, मग उपचार हा क्रम महत्त्वाचा.

दाढीच्या पात्याने केस काढल्यानंतर केसांच्या मुळाशी येणाऱ्या लालसर पुळ्या, आत वळलेला केस किंवा केसतूड हीदेखील नेहमीची कारणे आहेत. काही दिवस केस काढणे थांबवले आणि सैल, सुती अंतर्वस्त्रे वापरली तर साध्या पुळ्या बहुधा बसतात. त्या फोडू नयेत. योनीमुखाजवळ एका बाजूला आलेली गाठ बार्थोलिन ग्रंथीची असू शकते. तीत पू झाला तर बसणे-चालणे कठीण होते व तातडीने उपचार घ्यावे लागतात.

संसर्गाच्या खुणा

चामखीळ : ही ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येते. तिचा पृष्ठभाग खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा असतो. संसर्गानंतर ती दिसायला आठवडे किंवा महिनेही लागतात. सुमारे ९० टक्के चामखिळींना या विषाणूचे ६ व ११ हे प्रकार कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी प्रामुख्याने निगडित असलेले १६ व १८ हे प्रकार वेगळे आहेत. म्हणजे चामखीळ आली म्हणून कर्करोग होईल, असे नव्हे. तरीही स्त्रियांनी वयानुसार गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. हातापायाच्या चामखिळीवरची औषधे येथे लावू नयेत, त्वचा भाजते.

हर्पिस : बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, तो फुटून आग होणारे व्रण उरतात. विषाणू शरीरात सुप्त राहत असल्याने त्रास पुन्हा उद्भवू शकतो. लवकर सुरू केलेल्या औषधाने तो कमी होतो. गर्भवतीने याची कल्पना डॉक्टरांना अवश्य द्यावी.

मोलस्कम : चकचकीत, मध्ये खळगा असलेल्या पुळ्या. हाही विषाणूसंसर्गच. फोडल्यास त्या पसरतात.

खरूज : रात्री वाढणारी खाज आणि शिश्न किंवा अंडकोशावर कडक पुळ्या असतील, शिवाय घरातील इतरांनाही खाज असेल, तर खरजेची शंका घ्यावी. घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर ती परत येते.

न दुखणारा व्रण

सर्वाधिक फसवणूक होते ती सिफिलिस अर्थात उपदंशात. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, साधारणपणे तीन आठवड्यांनी, कडक बुडाचा व्रण येतो. तो बहुधा दुखत नाही. जांघेत अवधाण येते. तीन ते सहा आठवड्यांत व्रण उपचारांविनाही भरतो आणि रुग्ण निश्चिंत होतो. आजार मात्र शरीरात पसरत राहतो. पुढे अंगावर पुरळ येते, तर काही वर्षांनी हृदय व मज्जासंस्थाही बाधित होऊ शकते. गर्भवतीकडून तो बाळाला होतो. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होणारा हा आजार केवळ संकोचामुळे वाढतो. रक्ततपासणी अगदी आरंभी निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात.

दुकानातील मलम नको

जांघेतील खाजेवर स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध यांचे मिश्रण असलेली मलमे सर्रास लावली जातात. त्यांनी खाज तात्पुरती थांबते, पण गजकर्ण पसरते, त्वचा पातळ होते आणि मूळ खूण बदलल्याने निदान कठीण होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- कोणताही व्रण, मग तो दुखो वा न दुखो
- दोन आठवड्यांत न बसणारी, वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ
- फोडांसोबत स्राव, लघवीत जळजळ किंवा जांघेत गाठी
- नव्या किंवा असुरक्षित शरीरसंबंधानंतर आलेली खूण, अथवा जोडीदारालाही त्रास
- गर्भारपण, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असणे

ताप, झपाट्याने वाढणारी सूज, काळी पडणारी त्वचा किंवा लघवी अडणे असे काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी याबाबत विशेष सावध राहावे.

त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याखेरीज सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्येही तपासणी व उपचार मोफत होतात. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारणा करता येते. तपासणीस जाण्यापूर्वी मलम लावू नये. खूण कधी दिसली, कोणती औषधे घेतली हे स्पष्ट सांगावे. संसर्गाचे निदान झाल्यास जोडीदारानेही तपासून घ्यावे आणि उपचार पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध टाळावेत.

निरोध वापरल्याने धोका बराच कमी होतो, पण न झाकलेल्या त्वचेतून चामखीळ व हर्पिस पसरू शकतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये बाजारात आणलेली ‘सर्वाव्हॅक’ ही लस पॅपिलोमा विषाणूच्या ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वी घेतल्यास तिचा लाभ अधिक. खूण साधी निघाली तर डोक्यावरचा भार उतरतो, आजाराची निघाली तर उपचार वेळेत होतात. दोन्ही परिस्थितींत दाखवण्यातच शहाणपण आहे.