घडणावळीचे मोल : पुण्यातील दागिने-कारागिरी आणि उपजीविकेचा प्रश्न

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात दागिन्याचा विचार झाला आहे तो बहुतांशी दागिना अंगावर घालणाऱ्याच्या बाजूने. स्त्रीधन, लग्नातील देवाणघेवाण, कुटुंबाची प्रतिष्ठा, दुष्काळात किंवा आजारपणात मोडण्याची ठेव अशा अनेक अंगांनी त्याची चर्चा आढळते. दागिना घडविणाऱ्याचे पोट त्यावर कसे भरले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा पुणे शहराच्या, आणि अखेरीस कर्वेनगर या उपनगराच्या, संदर्भात घेतला आहे. कर्वेनगर हे काही पुण्याच्या सराफीचे जुने ठिकाण नव्हे. तरीही पेठांमधील सोनारापुढे साठ वर्षांपूर्वी जो पेच उभा राहिला, तोच वेगळ्या वेषात या उपनगरात घरी बसून ठुशी आणि नथ करणाऱ्या स्त्रीपुढे उभा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या पेचाचे मूळ ‘घडणावळ’ या शब्दात आहे. दागिन्याच्या किमतीत धातूचे मोल आणि घडविण्याची मजुरी असे दोन भाग असतात. पहिला भाग काट्यावर तोलता येतो. दुसरा तोलण्याचे सर्वमान्य माप कधीच तयार झाले नाही. पारंपरिक व्यवहारात गिऱ्हाईक स्वतःचे सोने सोनाराकडे देई. सोनार ते आटवून, ठोकून, तार ओढून, सांधे जोडून दागिना करी आणि वजन करून परत देई. कामात धातूची जी तूट येई तिला ‘घट’ म्हणत. मजुरी तुटपुंजी म्हणून सोनार घटीत हात मारणार, असे गिऱ्हाईक धरून चाले. आणि घटीतून त्याने आपले काढून घेतलेच असणार, असे समजून मजुरी वाढवून देत नसे. संशय आणि अल्प मजुरी यांनी एकमेकांना पोसले. नाण्यांची पारख करणारा पोतदार हा गावगाड्यात बहुधा सोनारच असे. ज्याच्या पारखीवर गावाचा भरणा विसंबे, त्याच्याच सचोटीवर शंका घेणाऱ्या म्हणी लोकभाषेत रूढ व्हाव्यात, हा विरोधाभास लक्षणीय आहे. सराफांच्या दुकानांपुढील माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी महाराष्ट्राच्या अनेक शहरांत आढळतात. म्हणजे दुकानाच्या केरालाही भाव होता. कारागिराच्या दिवसाला काय भाव होता, हे मात्र सहजासहजी सांगता येत नाही.

शिवाय दागिना एकट्या सोनाराच्या हातून पुरा होत नसे. जडिया खडे बसवी, पटवेकरी रेशमात मणी आणि पदके गाठवी. चिंचपेटी, तन्मणी, नथ या अलंकारांत तर मोती ओवण्याचे आणि तारेत गुंफण्याचे कौशल्यच प्रधान. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पुणे जिल्हाविषयक खंडात काचेच्या बांगड्या, सोन्याचांदीची जर, हस्तिदंती फण्या अशा हस्तव्यवसायांची दखल घेतलेली आहे. पेशवाई संपून सहा दशके लोटल्यावरही पुणे हे शोभेच्या वस्तू करणाऱ्यांचे शहर होते, हे त्यावरून दिसते.

घडणावळीचे खरे मोल किती, याची कसोटी १९६३ मध्ये लागली, आणि ती फार क्रूर ठरली. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण आणि सोन्याची चोरटी आयात हे प्रश्न तीव्र झाले. तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांखाली जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण लागू केले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडविण्यास बंदी आली. लोकांची सोन्याची हौस कमी व्हावी, मागणी घटली की चोरटी आयातही घटेल, असा सरकारचा हिशेब होता.

हा हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडलेला होता. कारागीर त्यात नव्हता. बावीस कॅरटच्या मऊ, लवचीक सोन्यावर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेल्या सोनाराला चौदा कॅरटची कठीण मिश्रधातू ठोकणे आणि ओढणे जड गेले. पण ती अडचण सरावाने दूर झाली असती. खरा आघात वेगळा होता. चौदा कॅरटचा दागिना गिऱ्हाइकाला नको होता. मोडताना त्याला चांगला भाव येणार नाही, रंग पिवळाधमक दिसणार नाही, आणि लेकीला देताना मान खाली घालावी लागेल, अशी भावना सार्वत्रिक होती. सोनाराच्या हातातील कसब पूर्वीइतकेच होते. त्याची फुंकणी, ऐरण, शेगडी कोणी जप्त केलेली नव्हती. धातूची शुद्धता काढून घेताच त्या कसबाला गिऱ्हाईक उरले नाही. लोक आजवर पैसे मोजत होते ते मुख्यतः सोन्याला, कारागिरी त्याच्या आधाराने विकली जात होती, हे एका फटक्यात उघड झाले.

परिणाम सर्वपरिचित आहेत. देशभर लाखो सुवर्णकारांचे काम बसले. निरनिराळ्या प्रांतांतून आत्महत्यांच्या बातम्या आल्या, मोर्चे निघाले, संसदेत वादळी चर्चा झाल्या. ‘विस्थापित सुवर्णकार’ असा एक नवाच वर्ग सरकारी कागदोपत्री जन्माला आला. त्याच्यासाठी कर्जे, मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य, नोकरीत वयाची सवलत अशा योजना आखल्या गेल्या. धरणाने गाव बुडालेल्याला लावायचा शब्द घरातच बसून असलेल्या माणसाला लागू करावा लागला, यातच त्या आपत्तीचे स्वरूप दिसते. १९६३ च्याच उत्तरार्धात जुने दागिने मोडून मूळ शुद्धतेचे नवे घडवून देण्याची मुभा स्वतंत्र सुवर्णकारांना मिळाली आणि १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट उठली. नियंत्रण मात्र टिकले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे घटनाबाह्य ठरविली, तरी परवाने, प्रमाणपत्रे आणि नोंदवह्या यांचा जाच चालूच राहिला. १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला. तोवर कित्येक घरांतील पुढची पिढी कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि शाळांत स्थिरावली होती. ती परत ऐरणीकडे वळण्याचे काही कारण नव्हते.

१९९० नंतर बाजार खुला झाला, पण कारागीर मोकळा झाला असे म्हणता येत नाही. यंत्रावर ओतलेले आणि छापलेले दागिने आले, मोठ्या पेढ्यांच्या शाखा निघाल्या, आणि रविवार पेठेच्या परिसरातील लहान खोल्यांतून बंगालमधून आलेले कारागीर पेढ्यांसाठी मजुरीवर काम करू लागले. गिऱ्हाइकाला त्यांचे तोंडही दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात उत्पादन घरोघरी विखुरलेले आहे. कड्या जोडणे, घुंगरू लावणे अशी कामे स्त्रिया घरी करतात. चांदीचा भाव चढला की व्यापाऱ्याच्या मालाची किंमत वाढते. घुंगरू लावणाऱ्या हाताची मजुरी त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची मर्यादा ओलांडली, तेव्हाही प्रश्न हाच होता.

मग धातूच वगळला तर? किमती धातू नसलेल्या दागिन्यात कारागिरीशिवाय दुसरे विकण्यासारखे काहीच नसते. तेव्हा तेथे तरी घडणावळीला न्याय मिळावा. या तर्काची परीक्षा पाहण्यास कर्वेनगरइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल, आणि त्याचे कारण त्या जागेच्या इतिहासात आहे. हे मूळचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास हलविला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर प्रथम एक झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि तेथून रोज पायी हिंगण्यास जात. ज्या विधवांसाठी हा खटाटोप होता, त्यांच्या अंगावरील दागिने रूढीने उतरविलेले होते. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या गेल्यावर स्त्रीपाशी उरते काय, या प्रश्नाला कर्वे यांचे उत्तर शिक्षण आणि स्वतःची मिळकत हे होते. १९१६ मध्ये महिला विद्यापीठाचा आरंभही येथेच झाला. आज त्याच परिसरात स्त्रियांचे अभियांत्रिकी व वास्तुकला महाविद्यालय आहे, आणि हिंगण्याच्या शेतांच्या जागी सोसायट्यांच्या इमारती आहेत.

या इमारतींतून आणि पुण्याच्या पश्चिमेकडील अशाच इतर वसाहतींतून गेल्या दोन-अडीच दशकांत घरगुती दागिन्यांचा व्यवसाय वाढला आहे. मातीचे भाजलेले मणी, कागदाच्या गुंडाळ्या, रेशमी दोरा, पितळी तार, खोटे मोती यांपासून ठुशी, नथ, कानातले, गौरीचे अलंकार केले जातात. भांडवल थोडे लागते, दुकानाचे भाडे नसते, मुले शाळेत गेली की काम होते. विक्री ओळखीतून, सणासुदीच्या प्रदर्शनांतून आणि मोबाइलवरून होते. पटवेकरी आणि मोती ओवणाऱ्याचे जुने कसब येथे जातीच्या आणि पेठेच्या बाहेर पडून नव्या हातांत आले, ही घटना सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उपजीविकेच्या दृष्टीने मात्र चित्र निराळे आहे. समजा, एका ठुशीला एकशेवीस रुपयांचे साहित्य आणि तीन तास लागले व ती तीनशे रुपयांना विकली गेली. डबी, पोहोचविण्याचा खर्च आणि प्रदर्शनाच्या गाळ्याच्या भाड्याचा वाटा मिळून साठ रुपये वजा केले, तर तीन तासांचे एकशेवीस, म्हणजे तासाला चाळीस रुपये उरतात. न विकल्या गेलेल्या नगांचा आणि नमुना बसविताना वाया गेलेल्या वेळाचा हिशेब यात धरलेलाच नाही. तशाच दिसणाऱ्या साच्यातल्या ठुशीला बाजारात शंभर-दीडशे रुपये पडत असतील, तर गिऱ्हाइकाला तीनशे महाग वाटतात. सोन्याच्या दागिन्यात कारागिरी धातूच्या तेजाआड झाकली जात होती. येथे साहित्याच्या स्वस्ताईने तिची किंमत पाडली. मण्यांचा दर ठाऊक असलेले गिऱ्हाईक तीन तासांचा दर विचारीत नाही. ‘घरबसल्या फावल्या वेळात करता ना’ हे वाक्य कौतुक म्हणून उच्चारले जाते आणि घासाघीस म्हणून वापरले जाते.

शासनव्यवहारातही या हातांची जागा अस्पष्ट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे, फुलांचे हार करणारा माळाकार आहे. मणी ओवणारी, दोरा गाठवणारी त्यात स्वतंत्रपणे नाही. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत वस्तूंच्या विक्रेत्यांना वार्षिक चाळीस लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट २०१९ पासून मिळाली. परंतु ई-कॉमर्स मंचावरून वस्तू विकणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असली तरी, नोंदणी सक्तीची होती. पेठेत दुकान थाटून बसलेल्याला जी सूट होती, ती दुकान परवडत नाही म्हणून मोबाइलकडे वळलेल्या स्त्रीला नव्हती. ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती शिथिल झाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. अशा मंचावरून कर्वेनगरची नथ कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला विनानोंदणी विकता येऊ लागली. त्याच मंचावरून बेळगावच्या गिऱ्हाइकाला विकण्यासाठी मात्र ती सवलत लागू झाली नाही.