आगपेटीचे माहेर

युरोपची सहल ही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता अप्राप्य गोष्ट राहिलेली नाही. रोम, लुर्द आणि फातिमा करून आलेली माणसे विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कितीतरी भेटतात. अलीकडे मुले आणि सुना नोकरीनिमित्त उत्तर युरोपात राहू लागल्यामुळे स्टॉकहोम, कोपनहेगन ही नावेही घरोघरी ऐकू येतात. अशा शहरांची सहल बहुधा दोन-तीन दिवसांची असते. राजवाडा पाहावा, १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदराजवळ बुडालेले आणि १९६१ साली वर काढलेले 'वासा' हे जहाज पाहावे, जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांतून हिंडावे, कुठेतरी मांसाचे गोळे व बटाटे खावेत आणि परतीचे विमान गाठावे, असा तिचा ठरीव क्रम. या क्रमाला माझी हरकत नाही. परंतु स्टॉकहोममध्ये एक वास्तू अशी आहे, की जी या धावपळीत सहसा राहून जाते, आणि जी पाहण्याचा अधिकार इतर पर्यटकांपेक्षा उल्हासनगर-अंबरनाथच्या माणसाला अधिक आहे. ती वास्तू म्हणजे एका काडेपेटीवाल्याने बांधलेला वाडा.

विठ्ठलवाडीहून लोकलने निघालो की उल्हासनगर आणि त्यापुढे अंबरनाथ. अंबरनाथला अकराव्या शतकातील शिलाहारांचे शिवमंदिर आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच गावात 'विम्को नाका' आहे, हेही ठाऊक असते. मात्र विम्को म्हणजे काय, असे नव्या पिढीतील मुलांना विचारले तर बसथांब्याचे नाव यापलीकडे बहुतेकांना उत्तर देता येत नाही. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी या नावाचे ते संक्षिप्त रूप. ही कंपनी १९२३ साली स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या कारखान्यांपैकी एक अंबरनाथला उभा राहिला. नावात 'पश्चिम भारत' असले तरी भांडवल, यंत्रे आणि तंत्र स्वीडनचे होते.

आता स्टॉकहोमकडे वळू. त्याच १९२३ सालच्या जून महिन्यात स्टॉकहोमच्या नगरभवनाचे उद्घाटन झाले. राग्नार ओस्टबेर्ग या वास्तुविशारदाने पाण्याच्या काठावर सुमारे ऐंशी लाख विटांचे हे भवन उभे केले. त्याचा मनोरा १०६ मीटर उंच आहे. आतल्या 'निळ्या दालनात' दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल पारितोषिकांची मेजवानी होते. गंमत अशी, की हे दालन निळे नाही. उघड्या विटांचा तांबूस रंग ओस्टबेर्गला इतका आवडला की त्याने निळा गिलावा करण्याचा बेत सोडून दिला, पण नाव तसेच राहिले. या भवनाच्या पायाचे काम क्रूगर आणि टोल या बांधकाम कंपनीने केले होते. १९१२ सालच्या ऑलिंपिकचे क्रीडागृह आणि १९१५ साली उघडलेले एन.के. हे प्रसिद्ध विक्रीभवन ही कामेही तिचीच. या कंपनीतील क्रूगर म्हणजेच पुढे जगभर 'काडेपेटीचा राजा' म्हणून गाजलेला ईवार क्रूगर.

क्रूगरचा जन्म १८८० साली काल्मार येथे झाला. शिक्षणाने तो अभियंता. वडिलांकडे काडेपेटीचे छोटे कारखाने होते. १९१७ साली त्याने स्वीडनमधील काडेपेटी-उद्योग एका छत्राखाली आणला आणि मग देशोदेशी हात पसरले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील सरकारे कर्जासाठी व्याकूळ झाली होती. क्रूगर त्यांना डॉलरमध्ये कर्ज देई आणि त्या बदल्यात काडेपेटीचा मक्ता मागे. १९२७ साली फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, १९२९ साली जर्मनीला साडेबारा कोटी डॉलर असे ते आकडे आहेत. जर्मनीतील मक्ता तर १९८३ पर्यंत टिकून होता. एका काडीची किंमत ती काय! पण राजापासून रंकापर्यंत प्रत्येक चुलीला ती रोज लागते, हे त्याने ओळखले होते.

हिंदुस्थानात त्याला मक्ता मिळाला नाही. येथे त्याला वेगळी वाट शोधावी लागली, आणि ती वाट थेट आपल्या परिसरात येऊन पोचते. तोवर आपल्याकडे काडेपेट्या मुख्यतः जपान आणि स्वीडनमधून येत. १९२२ साली सरकारने महसूल वाढवण्यासाठी आयात काडेपेट्यांवर ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया जकात बसवली. एवढी जकात भरून माल विकणे परवडण्याजोगे नव्हते. मग माल बाहेरून आणण्याऐवजी जकातीच्या भिंतीच्या आतच कारखाना का घालू नये? मुंबई बंदर जवळ, आगगाडीचा मार्ग दारात, पाणी आणि मोकळी जमीन उपलब्ध, अशा अंबरनाथची निवड का झाली असेल, हे नकाशा पाहिला की समजते. काडीसाठी लागणारे आस्पेनचे मऊ, पांढरे लाकूड बोटीने येई. पुढे काटेसावरीसारख्या देशी झाडांचे लाकूड वापरात आले. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील ओंडका मुंबईच्या धक्क्यावर उतरून वालधुनीच्या काठी येतो आणि कोकणातल्या चुलीत पेटतो, हा प्रवास आजच्या कुठल्याही सहलीपेक्षा मला अद्भुत वाटतो.

या कंपनीविरुद्ध देशी कारखानदारांच्या तक्रारी होत्या आणि १९२० च्या दशकात टॅरिफ बोर्डापुढे त्यांची सविस्तर चौकशी झाली. परकी भांडवलाने स्वदेशी उद्योग गिळू नये, ही भीती अनाठायी नव्हती. परंतु दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९४९ साली कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींना उल्हासनगर हे नाव मिळून निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली, त्याच्या पाव शतक आधी या पट्ट्यात यंत्रावर चालणारा, पाळीचा भोंगा वाजवणारा मोठा कारखाना होता. शेतीच्या हंगामावर जगणाऱ्या गावांना महिन्याचा पगार ही कल्पना अशाच कारखान्यांनी शिकवली. घराघरांत पोचलेली जहाज छाप पेटी ही याच कंपनीची.

विम्को स्थापन झाली त्यानंतर पाच वर्षांनी, १९२८ साली, स्टॉकहोममध्ये क्रूगरचा वाडा पूर्ण झाला. त्याला तेथील लोक 'काडेपेटी महाल'च म्हणतात. कुंग्सट्रेडगोर्डन या बागेपासून तो पायी काही मिनिटांवर, एका शांत रस्त्यावर आहे. वास्तुविशारद ईवार टेंगबोम. अंगणात कार्ल मिलेस या शिल्पकाराचे डायना देवतेचे कारंजे आहे, संचालकांच्या सभागृहाची सजावट इसाक ग्रुनेवाल्ड या चित्रकाराची. या महालात बसून जगातील निम्म्याहून अधिक काड्यांचा हिशेब होत असे. आपल्याकडील जकात, लाकडाचा भाव, पेटीची किंमत ही या हिशेबातलीच एक ओळ.

महाल पुरा होऊन चार वर्षे झाली नाहीत तोच, १२ मार्च १९३२ रोजी क्रूगर पॅरिसमधील आपल्या घरी गोळी लागून मृत अवस्थेत आढळला. त्याने आत्महत्या केली असाच निष्कर्ष निघाला. हिशेब तपासनीस बसले तेव्हा खोट्या नोंदी आणि इटलीच्या नावाचे बनावट रोखे उघडकीस आले. देशोदेशीचे हजारो ठेवीदार बुडाले. परंतु काडेपेटी कंपनी सावरली आणि अंबरनाथचे यंत्रही चालत राहिले. आज महालात कार्यालये आहेत. बाहेर उभे राहून पाहण्यास तिकीट लागत नाही.

एवढे पाहून झाल्यावर भूक लागणारच. स्टॉकहोममध्ये जेवण महाग आहे, हे खरे; पण कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक उपाहारगृहांत ठरावीक दरात 'आजचे जेवण' मिळते. त्यात पाव, कोशिंबीर आणि कॉफी धरलेली असते. संध्याकाळी तोच पदार्थ पुष्कळच जास्त पैशांना पडतो, म्हणून आपल्या माणसांनी मुख्य जेवण दुपारीच उरकावे. आणि जमल्यास गुरुवारी बाहेर जेवावे. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचे घट्ट सार, त्यात डुकराचे मांस, वर मोहरीची चटणी आणि मागाहून मुरंबा घातलेले घावनासारखे गोड पॅनकेक हा तेथील पिढीजात बेत आहे. गुरुवारच का, याचे कारण असे सांगतात, की शुक्रवार हा मांसवर्ज्य उपवासाचा दिवस, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवायचे. १५२७ साली गुस्ताव्ह वासा राजाने ख्रिस्तसभेची मालमत्ता ताब्यात घेतली, रोमशी नाते तुटले, शुक्रवारचा उपवास मागे पडला. आदल्या दिवशीचे जेवण मात्र पाचशे वर्षे राहिले! उपवासापेक्षा उपवासाची तयारी माणसाला अधिक प्रिय असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

अशा खुणा स्वीडनच्या ताटात जागोजागी आहेत. 'सेमला' नावाचा वेलदोडा घातलेला पाव असतो. वरची टोपी कापून आत बदामाचा लगदा आणि फेटलेली साय भरतात. हा मुळात राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारचा पदार्थ, आता जानेवारीपासूनच दुकानांत दिसू लागतो. १७७१ साली त्याच मंगळवारी आडोल्फ फ्रेडरिक हा राजा शेवंड, मासे, आंबवलेला कोबी, शॅम्पेन असे भरपेट जेवला, वर दुधातला सेमला खाल्ला आणि त्याच रात्री मरण पावला. तेथील शाळेतल्या मुलांना या राजाची दुसरी कुठलीही कर्तबगारी आठवत नसली तरी त्याचे शेवटचे जेवण आठवते. २५ मार्च हा देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या संदेशाचा सण. स्वीडिश भाषेत त्याला 'वोरफ्रू' म्हणजे 'आमच्या स्वामिनीचा' दिवस म्हणत. उच्चाराच्या घसरणीत त्याचा 'वोफेल' दिवस झाला, आणि आता त्या दिवशी सारा देश वाफल खातो. हेरिंग माशाचे तर विचारूच नका. मध्ययुगात साऱ्या ख्रिस्ती युरोपच्या उपवासांनी बाल्टिक समुद्रातील खारवलेल्या हेरिंगचा व्यापार पोसला. तीच तळलेली मासळी आज पावावर कांदा आणि लोणचे घालून गाड्यावर मिळते. बोंबील आणि बांगड्यावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

जुन्या शहरात १७२२ सालापासून चालत आलेले 'डेन गिल्डेने फ्रेडेन' नावाचे उपाहारगृह आहे. चित्रकार आंडेर्स सोर्न याने ते विकत घेऊन स्वीडिश अकादमीला दिले, आणि वाङ्मयाचे नोबेल ठरवणारे हे अकादमीचे सदस्य गुरुवारच्या बैठकीनंतर तेथे जेवतात. पुन्हा गुरुवारच! रविवारी मिस्सेसाठी सोडर्माल्म भागात संत एरिकचे महामंदिर आहे. ते १८९२ सालचे. कॅथोलिकांना तेथे मोकळेपणाने उपासना करण्यास किती शतके थांबावे लागले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एक दिवस हाताशी असेल तर आगगाडीने यॉनशॉपिंगला जावे. तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे. व्हेटर्न या अफाट सरोवराच्या टोकावरील या गावात लुंडस्ट्रोम बंधूंनी काडेपेटीचा कारखाना काढला. त्यापूर्वीच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस असे. त्या कशावरही घासल्या तरी पेटत आणि कारखान्यातील मजुरांच्या जबड्याचे हाड कुजवीत. गुस्ताव्ह एरिक पाश या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ साली नवी युक्ती काढली: ज्वालाग्राही द्रव्य दोन ठिकाणी विभागायचे, तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि उरलेले काडीच्या गुलात. दोन्ही भेटल्याखेरीज आग नाही. लुंडस्ट्रोम बंधूंनी ही सुरक्षित काडी व्यवहारात आणली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिचा गौरव झाला. आपण रोज देवघरात किंवा वेदीवर मेणबत्ती लावताना जी पेटी हाती घेतो, तिची कुळी ही.

१८४८ साली बांधलेली कारखान्याची लाकडी इमारत यॉनशॉपिंगकरांनी जपली असून तिच्यात काडेपेटीचे संग्रहालय केले आहे. यंत्रे आहेत, जगभरच्या पेट्यांवरील चित्रे आहेत. घरोघरी बायका-मुले तुटपुंज्या मजुरीवर पेट्या चिकटवीत, तो इतिहासही त्यांनी लपवलेला नाही. कारखान्याचे दिवस संपल्यावर त्या गावाने त्याची आठवण सांभाळली.

अंबरनाथला तसे काही नाही. २००५ साली विम्कोतील स्वीडिश कंपनीचा हिस्सा आयटीसी समूहाकडे गेला आणि ऐंशीहून अधिक वर्षांचे नाते संपले. कारखान्यात आयुष्य घातलेल्या माणसांची पिढी थकली आहे. पाळीचे पत्रक, कामगारांचा एखादा समूहफोटो, निवृत्तीच्या वेळी मिळालेले घड्याळ अशा वस्तू घराची रंगरंगोटी करताना रद्दीत जातात. त्या कुणीतरी एकत्र कराव्यात. शाळेतील एखादे कपाट मिळाले तरी आरंभाला पुरेल. वृद्धांकडून भोंग्याच्या वेळा, खात्यांची नावे, लाकूड सोलण्याच्या यंत्राचा आवाज, जेवणाच्या सुट्टीत डब्यात काय असे, हे लिहून घ्यावे. हे काम येत्या दहा वर्षांत झाले नाही तर सांगणारे कुणी उरणार नाही.

आणि यॉनशॉपिंगला जाणाऱ्याने घरात जुनी जहाज छाप पेटी सापडली तर अवश्य सोबत न्यावी; तेथील लोकांना ती दाखवली तर बोलणे सुरू होण्यास वेळ लागणार नाही. फक्त विमानात काडेपेटीवर निर्बंध असतात. तेव्हा काड्या घरी काढून ठेवाव्यात आणि रिकामे खोके खिशात घालावे.