दस्तऐवज-रूपांतरातील मांडणी-निवडींचे अधिलेखन

रूपांतर-प्रणालीत आधीच ठरवून ठेवलेली मूल्ये बाजूला सारून वापरकर्त्याने स्वतःची मूल्ये लागू करणे, म्हणजे अधिलेखन. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॅनडॉक’ या मुक्त प्रणालीत त्याची उतरंड स्पष्ट दिसते. शीर्षक, लेखक, भाषा ही माहिती वेगळ्या फाइलमधून देता येते. दस्तऐवजाच्या माथ्यावर लिहिलेले मूल्य त्या फाइलवर मात करते आणि आज्ञा देताना लिहिलेले मूल्य या दोहोंवर.

मराठीसाठी अधिलेखन ही चैन नव्हे, गरज आहे. पीडीएफ बनवताना पॅनडॉक मुळात ‘पीडीएफलाटेक’ हे अक्षरमांडणीचे इंजिन वापरते आणि त्याच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरी मजकूर छापला जात नाही. ‘झीलाटेक’ किंवा ‘लुआलाटेक’ निवडून देवनागरी फॉन्टचे नावही द्यावे लागते; नुसते इंजिन बदलले तर अक्षरांच्या जागा रिकाम्या राहतात.

याहून सूक्ष्म, पण अधिक महत्त्वाची निवड भाषेची. काही देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी व मराठी अशी दोन वळणे असतात. भाषा मराठी असल्याचे नोंदवले नाही, तर बहुधा हिंदी वळण उमटते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला आहे. वेबपानात नोंदवलेल्या भाषेचा संकेत मूळ टॅगमध्ये उतरतो आणि ब्राउझर त्यावरून वळण निवडतो. संस्थेने हा भाषासंकेत प्रत्येक आज्ञेत लिहिण्याऐवजी सामायिक फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे हिंदी मजकुरापुरता तो दस्तऐवजातच बदलता येतो.